सात टप्पे

आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण होतं म्हणून नव्हे, रीतच तशी. मामंजी ओसरीवर आले की मी डोक्यावर पदर ओढून आत सरकायचं. त्यांना चहा हवा असला की त्यांनी भिंतीकडं बघत आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, म्हणायचं, "चहा कर म्हणावं." मी तीन हातांवर उभी असायची. मला ऐकू आलेलं असायचं, मला ऐकू आलंय हे त्यांना माहीत असायचं, तरी आत्याबाई मान वळवून तेच वाक्य मला पुन्हा सांगत आणि मग मी चहा टाके. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी सासऱ्यांनी माझा चेहरा नीट पाहिला नसावा. मीही त्यांना पाहिलं होतं ते बहुतेक पाठीमागूनच.

नवी नवरी होते तोवर मला याची गंमत वाटे. माहेरी गेले की मी बहिणींना भिंतीकडं बघून बोलून दाखवायची आणि त्या लोळून हसायच्या.

आमचं घर मांजरसुंब्याच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर. चौकात धाबे, पंक्चरवाले, रांगेनं थांबलेले ट्रक. तिथंच नवऱ्यानं पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ टाकलं होतं. दिवसच तसे आले होते. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं एकाएकी काचेच्या खोलीत शिरून मुंबई-दिल्लीशी बोलू लागली होती. लांबचे ट्रकवाले आपापल्या भाषेत घरी ओरडायचे ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. सगळा देश सगळ्या देशाशी बोलत होता आणि मी घरातल्या घरात आत्याबाईंमार्फत बोलत होते.

त्या बूथवर एका दुपारी माझ्यासाठी फोन आला. बीडच्या कॉलेजातले आमचे खेळाचे सर होते. लग्नाआधी मी त्यांच्या हाताखाली पाच हजार मीटर पळायची, विद्यापीठाच्या स्पर्धेपर्यंत गेले होते. सर म्हणाले, दसऱ्यानंतर औरंगाबादला मॅरेथॉन आहे. पूर्ण बेचाळीस किलोमीटर. ज्या बायका साडेतीन तासांच्या आत येतील त्यांना राज्याच्या संघात घेणार आहेत. तुझ्या पायात ते आहे, पण आधी बेचाळीस अंगवळणी पडायला पाहिजेत.

मी फोन ठेवला. दोन वर्षांत मी उंबऱ्यापासून हातपंपापर्यंतसुद्धा पळाले नव्हते. आणि पळायची भूक काय असते हे तोपर्यंत मी विसरले आहे असं समजत होते.

घरात त्यावर आठवडाभर चर्चा झाली. नवरा बरा माणूस, पण त्याला कुठल्याही गोष्टीची थट्टाच सुचायची. ट्रकवाल्यांना साइड मागशील का, असं विचारून तो मोकळा झाला. आत्याबाईंना मात्र थट्टा सुचत नव्हती. घरात पाळणा हलला नव्हता, आणि पळाल्यानं बाईची पिशवी सरकते असं हातपंपावरच्या बायकांनी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. त्याच बायका नवरात्रात तुळजापूरला अनवाणी चालत जायच्या. देवीच्या नावानं चाललं की पुण्य आणि आपल्या जिवासाठी पळालं की लाज, हा हिशोब मला कधी उमगला नाही. शेवटी आत्याबाईंनी निकाल दिला.

"एकदाच. ती शर्यत हुईस्तवर पळ. येळेत आलीस तर पुढचं बघू. न्हाई आलीस तर पुन्हा ह्या घरात पळायचं नाव काढायचं न्हाई."

मी लगेच हो म्हटलं. माझं पळणं त्या साडेतीन तासांवर टांगलं गेलं होतं आणि तरी मला आनंद झाला होता, एवढी मी आसुसलेली होते.

प्रश्न राहिला सोबतीचा. पहाटे हमरस्त्यावर एकटी बाई कशी पळणार? नवरा बूथ बंद करून झोपायलाच उशीर करायचा. तेव्हा ओसरीवरून आवाज आला. मामंजी भिंतीला म्हणाले, "तिला सांग, मी सायकल काढतो."

आत्याबाईंनी ते वाक्य मला पुन्हा सांगितलंच नाही, त्या नुसत्या बघत राहिल्या.

मामंजी एसटीत कंडक्टर होते, वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले. त्यांनी हे का मनावर घेतलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला विचारण्याची सोय नव्हती. मला वाटतं, ते ओसरीला कंटाळले होते. जन्मभर रस्त्यावर राहिलेला माणूस. पहिल्या गाडीच्या वेळेला अजूनही उठायचे, तोंड धुवायचे, टोपी घालायचे आणि मग कुठंच न जाता बाजेवर बसून राहायचे.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आम्ही निघालो. सायकल पुढं, मी मागं. अंगात जुना सलवार-कमीज, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पायात कॉलेजातले कॅनव्हासचे बूट. डोक्यावर पदर नाही, म्हणून मामंजींनी मागं वळून बघायचं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं. मग मला सांगायचं कसं, तर घंटीनं. एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल. सायकलच्या घंटीवर त्यांनी तेच चालू केलं. दोन वाजल्या की मी निघायची, एक वाजली की थांबून पाणी प्यायची. पाण्याचा डबा ते रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर ठेवून पुढं जायचे आणि पाठ करून उभे राहायचे.

लई सोसलं त्या रस्त्यावर. कुत्री होती, धाब्यावरची माणसं होती. एक टपरीवाला रोज मला बघून जोरात शिट्टी मारायचा. एके दिवशी मामंजींनी सायकल त्याच्या टपरीला टेकवली आणि ते त्याच्यासमोर उभे राहिले, तेव्हा ती शिट्टी बंद झाली. ओळखीचे ड्रायव्हर गाडी हळू करून त्यांना हाका मारायचे. काय सायेब, कुणीकडं, विचारायचे. ते मान डोलवायचे आणि माझ्याबद्दल काही सांगायचे नाहीत. पण ते माझी पावलं ऐकत असायचे. माझा पाय जड पडायला लागला की सायकल आपोआप मंद व्हायची. माझ्या धावण्याकडं इतकं लक्ष पुढं कुणी दिलं नाही.

अंतर मोजायचं तेही त्यांनी त्यांच्याच पद्धतीनं. तेव्हा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं आणि ठेकेदारानं किलोमीटरचे दगड उपटून कडेला ढीग लावला होता. मामंजींना दगडांची गरज नव्हती. त्यांच्या डोक्यात टप्पे होते. एसटीचं भाडं टप्प्यावर लागतं, एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. केजच्या पुढचा एक फाटा होता, तिथून आमच्या चौकापर्यंतचं तिकीट सात टप्प्यांचं. सात सक बेचाळीस. हे त्यांनी आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा खुशी ऐकली. मॅरेथॉन जणू त्यांच्या डेपोनंच काढली होती.

आम्ही तीन टप्पे, मग चार, मग पाच असे वाढवत गेलो. आणि पाचव्याच्या सुमाराला मला शंका यायला लागली. ट्रॅकवर पळालेल्या माणसाच्या पायाला अंतर कळतं. एक टप्पा मला नेहमी लवकर संपल्यासारखा वाटायचा. फोनवर सरांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, मोजलंय कशानं? मी सांगितलं. ते म्हणाले, एखाद्या गाडीच्या मीटरवर बघून घे. नवऱ्याच्या मित्राची जीप होती, तिचं मीटर बंद. ज्या ज्या गाड्यांना विचारलं त्यांची मीटरं बंदच निघाली. रस्त्याकडेला दगडांचा ढीग पडलेला आणि गाड्यांचे काटे शून्यावर झोपलेले, अशी त्या साली आमच्या भागाची अवस्था होती.

मग मी आत्याबाईंना म्हटलं, मामंजींना एवढं विचाराल का, टप्पा म्हणजे बरोब्बर सहाच असतो ना? साधा प्रश्न होता. पण माझ्या तोंडातून निघून त्यांच्या कानापर्यंत जाताना तो आत्याबाईंच्या मनातून गेला. संध्याकाळी मी चुलीपाशी होते आणि मला बाहेरून ऐकू आलं, "सून म्हणती, तुमचं माप खोटं हाय."

सकाळी सायकल निघाली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मी तयार होऊन दाराआड उभी आणि ते बाजेवर टोपी घालून बसलेले. मला एवढा राग आला की दातखीळ बसायची वेळ आली. दहा पावलांवर माणूस आहे, दोन वाक्यांचं काम आहे, मी असं म्हटलंच नाही हो मामंजी, एवढंच. आणि ते मी म्हणायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटी निघाले. चौकाच्या पुढं एक ट्रक माझ्या चालीनं बाजूबाजूनं यायला लागला आणि आतली माणसं हसत होती. मी उलटी फिरले आणि घरापर्यंत जीव मुठीत धरून पळाले. त्या दिवशी मला कळलं की सायकलीशिवाय शर्यत नाही. माप बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न.

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना, तुमचं माप बरोबर आहे असं ती म्हणते. तो म्हणाला, आणि नसलं तर? मी म्हटलं, सांगा. पहाटे अंगणात दोन घंट्या वाजल्या.

त्यानंतर तो विषय निघाला नाही. शर्यतीच्या तीन आठवडे आधी आम्ही पूर्ण सात टप्पे धरले. पहिल्या गाडीनं, सायकल टपावर टाकून, त्या फाट्यावर उतरलो. ऊसतोडीला जाणाऱ्यांची तेव्हा निघायची तयारी चालली होती, रस्त्यात बैलगाड्यांना रंग देत बसलेली माणसं दिसत होती. मी चांगली पळाले. इतकी चांगली की शेवटच्या टप्प्यात सायकलीला जोर लावावा लागला. चौकातल्या चिंचेखाली पोहोचले तेव्हा मामंजींनी पाठमोरंच उभं राहून घड्याळाचा हात वर धरला. मला सांगायचं म्हणून ते चहावाल्याला मोठ्यानं म्हणाले, "पंध्रा मिन्टं हातात ठिवून आली."

चौकात पेढे वाटले त्यांनी. ड्रायव्हर, पंक्चरवाले, बूथवर रांगेत उभी असलेली माणसं, सगळ्यांना. माझ्या घरची सून राज्याकडून पळणार, असं ते सांगत सुटले होते. माझ्या शंकेचं काय झालं म्हणाल तर ती त्या पेढ्याबरोबर गिळली गेली. मला ते खरं हवं होतं.

औरंगाबादला मी आणि मामंजी दोघंच गेलो. बूथ सोडून नवऱ्याला येता येईना. माझ्या मावशीकडं उतरलो, तिथं निरोप द्यायला मावशी होती. पण पहाटे मैदानावर आमच्या दोघांच्या मध्ये कुणीच नव्हतं. हजारभर माणसं, भोंग्यावरून सूचना, आणि आम्ही दोघं तिऱ्हाइतांसारखे शेजारी उभे. मला भीती वाटत होती आणि ती कुणाला सांगावी ते कळत नव्हतं. तेवढ्यात मामंजींनी सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढलं. सायकलची घंटी होती. घरून स्क्रू काढून बरोबर आणली होती. दुसरीकडं बघत त्यांनी ती दोनदा वाजवली.

मी रडतच पळायला लागले.

तिथं दर किलोमीटरला पाटी होती. तिसाव्या पाटीपर्यंत मी घड्याळाच्या बरोबर होते. पस्तिसाव्याला श्वास जड झाला, पण मला सवय होती, आता थोडंच राहिलं. अडतिसावी पाटी आली आणि माझ्या पायांनी ठरवलं की घर आलं. मी अतिशयोक्ती करत नाही. माझे डोळे चिंचेचं झाड शोधायला लागले. इतके महिने माझ्या अंगाला जे शिकवलं होतं ते तिथं संपलं होतं आणि समोर अजून चार पाट्या होत्या. मांड्या आखडल्या. मी कडेच्या दगडावर बसले, उठले, चालले, पुन्हा पळाले. मला कळून चुकलं होतं. टप्पा कुठला लवकर संपायचा तेसुद्धा त्या क्षणी आठवलं.

मी साडेतीन तासांनंतर अकरा मिनिटांनी पोहोचले.

मामंजी दोरीच्या पलीकडं उभे होते. त्यांनी पाट्या पाहिल्या असाव्यात, कुणाला तरी विचारलं असावं. माझा पदर नव्हता, केस तोंडावर आलेले, नाक वाहत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सरळ चेहऱ्याकडं.

"माझा टप्पा खोटा निगाला, पोरी," ते म्हणाले.

मी त्यांच्याशी आयुष्यात बोललेले पहिले शब्द होते, "पाणी द्या."

परतीच्या गाडीत ते माझ्या पुढच्या सीटवर बसले. तिकीट फाडणारा कंडक्टर तरुण होता आणि त्यांना ओळखत होता. त्यांनी त्याला त्या फाट्यापासून मांजरसुंब्याचे टप्पे विचारले. सात, तो म्हणाला. मग त्यांनी किलोमीटर विचारले. त्यानं तक्ता काढून बघितला. चाळीससुद्धा भरत नव्हते. "सहा टप्प्यांवरचा तुकडा आर्धा असला तरी पुरा टप्पा धरतेत की सायेब. तुमाला काय नवं हाय का?"

नवं नव्हतंच. जन्मभर त्यांनी अर्ध्या टप्प्याचे पूर्ण पैसे घेतले होते. पण ते तिकिटासाठी होतं. पायांसाठी टप्पा अर्धा राहतो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याकडून त्यांना तोंडावर विचारलं गेलं नाही. बीड येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. खिशातली घंटी खड्ड्याखड्ड्याला किणकिणत होती, मग त्यांनी तिच्यावर हात दाबून धरला.

चौकात उतरल्यावर पेढे खाल्लेली माणसं गोळा झाली. मामंजींनी सगळ्यांदेखत सांगितलं, ती हरली नाही, मी तिला कमी पळवली. घरी तेच आत्याबाईंना सांगितलं. भिंतीला नव्हे, त्यांना. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्यासाठी पाणी तापवलं, माझ्या पायाच्या फुटलेल्या नखांना स्वतः हळद लावली. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. पाय चोळता चोळता त्या म्हणाल्या, "पण ठरलं व्हतं."

ठरलं होतं. मी बूट धुऊन माळ्यावर टाकले. राग कुणावर धरावा हेच कळेना. आत्याबाईंनी शब्द दिला होता आणि पाळला होता. मामंजींनी जे माहीत होतं ते सगळं मला दिलं होतं. उरली ती रीत, आणि तिच्यावर रागावून उपयोग काय, ती काही ओसरीवर बसत नाही. घरात पुन्हा पदर आला, भिंत आली. पोरी म्हटलं होतं ते औरंगाबादला राहिलं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मला मुलगी झाली.

त्यानंतरच्या थंडीत मामंजी रोज सकाळी सायकल घेऊन जायला लागले. कुठं जातात ते सांगत नसत. नवऱ्यानं एकदा रस्त्यात पाहिलं. पुढच्या चाकाला त्यांनी तांबडी चिंधी बांधली होती आणि चिंधी खाली आली की एक, असे चाकाचे फेरे मोजत चालले होते, पुटपुटत, सायकल हातानं ढकलत. मध्येच कुणी हाक मारली की फेरे चुकायचे आणि ते मागच्या चुन्याच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करायचे. नवऱ्यानं हे मला हसत सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता त्याचं हसू गेलं.

एका सकाळी मी अंगणात मुलीला न्हाऊ घालत होते. पाटावर बसून पाय लांब पसरलेले, त्यावर पोर पालथी, आत्याबाई तांब्यानं पाणी ओतत होत्या. मामंजी आले. सायकल भिंतीला लावली. हातावर, धोतरावर चुना उडालेला होता. ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "तिला सांग, बेचाळीस कुठून भरतेत ते घावलं. फाट्याच्या पुढं वड हाय, तिथून. खूण केली."

मी वाट बघितली. आत्याबाई नेहमीसारखं मान वळवून ते वाक्य मला सांगतील म्हणून. त्यांच्या हातातला तांब्या क्षणभर थांबला. मग त्यांनी खाली मान घालून पाणी ओतलं आणि काहीच सांगितलं नाही.

मामंजी जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी सायकलीच्या घंटीवर अंगठा ठेवला. दोन घंट्या वाजल्या.

माझ्या पायांवर पोर होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिले.